दुर्बीण नेमकी कुठे रोखायची?

शाळेत दुर्बीण आली की पहिल्या काही रात्री चंद्र, गुरू आणि शनी पाहण्यात जातात. हे तिन्ही नुसत्या डोळ्यांना दिसतात, त्यामुळे दुर्बीण त्यांच्याकडे वळवायला फारसे कष्ट पडत नाहीत. खरी अडचण त्यानंतर येते. शौरी तारकासमूहातला एम-१३ हा तारकागुच्छ पुस्तकातल्या छायाचित्रात फार देखणा दिसतो. मुलांना तो दाखवावा असे वाटते. पण शहराच्या किंवा तालुक्याच्या गावाच्या आकाशात त्या जागी नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. शिक्षक नेत्रिकेला डोळा लावून नळी इकडे तिकडे सरकवत राहतात, मागे मुलांची रांग चुळबुळ करू लागते आणि शेवटी दुर्बीण पुन्हा चंद्राकडे वळते. चांगली दुर्बीण कपाटात जाऊन बसायला एवढे कारण पुरते.

या अडचणीवर आता इलेक्ट्रॉनिक उपाय उपलब्ध आहेत. दुर्बीण हातानेच फिरवायची, पण ती या क्षणी आकाशात कुठे रोखलेली आहे हे एका छोट्या पेटीने किंवा मोबाइलने सांगायचे, असे त्यांचे स्वरूप असते. या पेटीत जादू काहीच नाही. तिच्यात दहावी-बारावीचे गणित आणि एक साधी युक्ती आहे. ती समजून घेतली तर पेटी विकत घ्यावी की नाही हे ठरवता येईल, आणि न घेताही तिचे अर्धेअधिक काम शाळेत कसे करता येईल हेही दिसेल.

अडचण किती मोठी आहे?

८ इंच व्यासाच्या आरशाची एक दुर्बीण घेऊ. तिचे नाभीय अंतर १२०० मिलिमीटर आहे. तिला २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली तर विशालन १२०० भागिले २५, म्हणजे ४८ पट होते. साध्या नेत्रिकेतून अशा वेळी आकाशाचा सुमारे १ अंश रुंदीचा गोल तुकडा दिसतो. पूर्ण चंद्राची रुंदी अर्धा अंश असते. म्हणजे दोन चंद्र शेजारी शेजारी ठेवले की आपले दृश्यक्षेत्र भरले.

संपूर्ण खगोलाचे क्षेत्रफळ ४१,२५३ चौरस अंश असते. त्यातले अर्धे, म्हणजे सुमारे २०,६०० चौरस अंश, एका वेळी क्षितिजाच्या वर असते. आपल्या गोल तुकड्याचे क्षेत्रफळ ०.७८५ चौरस अंश. भागाकार केला तर उत्तर येते २६,००० च्या थोडे वर. एम-१३ या सव्वीस हजारांपैकी एका तुकड्यात आहे. त्यात भर म्हणजे पृथ्वी फिरते आहे. आकाश दर चार मिनिटांना एक अंश सरकते, त्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळची वस्तू दृश्यक्षेत्राच्या मध्यभागी आणली तरी दोनच मिनिटांत कडेला पोचते.

खुणांवरून वाट काढणे

हौशी निरीक्षकांची जुनी रीत म्हणजे ताऱ्यावरून ताऱ्यावर जात मुक्काम गाठणे. परक्या गावात आपण देऊळ, पार, पाण्याची टाकी अशा खुणा धरून घर शोधतो, तसेच हे. शौरीच्या मध्यभागी चार ताऱ्यांचा एक चौकोन आहे. त्याच्या पश्चिमेकडच्या बाजूवर, उत्तरेच्या ताऱ्यापासून एक तृतीयांश अंतरावर एम-१३ आहे. ही वाट एकदा सापडली की सहसा विसरत नाही.

पण सगळ्या वाटा इतक्या सोप्या नसतात. उत्तरा फाल्गुनी आणि कन्या राशीतला एप्सिलॉन हा तारा यांच्या साधारण मध्यावर एम-८७ ही प्रचंड दीर्घिका आहे. २०१९ मध्ये ज्या कृष्णविवराची पहिली प्रतिमा प्रसिद्ध झाली, ते हिच्याच केंद्रात आहे. या भागात ठळक तारे फारसे नाहीत, आणि दीर्घिका मात्र इतक्या जवळ जवळ आहेत की समोर दिसणारा अंधुक ठिपका नेमका कोणता, हे ओळखणे सरावलेल्या निरीक्षकालाही जड जाते.

शहरी उजेडाने आणखी एक पेच निर्माण केला आहे. आठ इंची दुर्बिणीतून एम-१३ शहराच्या कडेवरूनही दिसू शकतो, पण त्याच्याकडे नेणारा चौकोन नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झालेला असतो. घर जागेवर आहे, वाटेवरच्या खुणा तेवढ्या पुसल्या गेल्या आहेत.

आकाशातले दोन पत्ते

खुणा नसतील तर पत्ता लागतो. भूगोलात जसे रेखांश आणि अक्षांश, तसे खगोलावर विषुवांश आणि क्रांती. ताऱ्याचा हा पत्ता वर्षानुवर्षे जवळजवळ बदलत नाही. तारकांच्या सगळ्या याद्यांमध्ये तोच दिलेला असतो.

आपली दुर्बीण मात्र दुसरी भाषा बोलते. हौशी मंडळींमध्ये आज सर्वांत लोकप्रिय असलेली बैठक जॉन डॉब्सन (१९१५-२०१४) यांच्या नावाने ओळखली जाते. अमेरिकेतल्या वेदान्त मठांत ते १९४४ पासून १९६७ पर्यंत राहत होते. हाती लागेल त्या साहित्यातून ते मोठ्या दुर्बिणी बनवत आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला आकाश दाखवत. त्यांची बैठक म्हणजे प्लायवुडची एक पेटी. ती तळाशी गरगर फिरते आणि तिच्यात ठेवलेली नळी वर-खाली होते. पहिल्या हालचालीने दिगंश बदलतो, दुसरीने उन्नतांश. उत्तरेपासून क्षितिजावर किती फिरलो तो दिगंश आणि क्षितिजापासून किती वर गेलो तो उन्नतांश. हा पत्ता वापरायला सोपा आहे, पण तो क्षणाक्षणाला बदलतो आणि गावोगावी वेगळा असतो.

तेव्हा प्रश्नाचे दोन भाग पडतात. दुर्बीण किती फिरली ते अचूक मोजायचे आणि त्या मापाचे विषुवांश-क्रांतीत भाषांतर करायचे. पूर्वी विषुववृत्तीय बैठकीच्या अक्षांवर अंश कोरलेल्या चकत्या बसवत. साडेअकरा सेंटिमीटर व्यासाच्या चकतीवर एक अंश म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. अंधारात लाल विजेरीच्या उजेडात ती वाचायची, आणि बैठकीचा अक्ष ध्रुवाकडे नीट वळलेला नसेल तर तेही व्यर्थ.

फिरणे मोजणारी चकती

इलेक्ट्रॉनिक साधनात हे मोजण्याचे काम एन्कोडर करतो. दुर्बिणीच्या प्रत्येक अक्षाला एक बारीक चिरा असलेली चकती जोडलेली असते. चकतीच्या एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा घटक. चकती फिरली की उजेड-अंधार, उजेड-अंधार असे ठोके पडतात. ठोके मोजले की कोन कळला.

पण दुर्बीण उजवीकडे फिरली की डावीकडे, हे ठोक्यांवरून कसे कळणार? त्यासाठी प्रकाश ओळखणारे दोन घटक बसवतात. उजेड-अंधाराच्या एका जोडीची जी रुंदी, तिच्या एक चतुर्थांशाइतके ते एकमेकांपासून सरकवलेले असतात. चकती एका दिशेने फिरली तर पहिला घटक आधी उजेड पाहतो आणि दुसरा मागाहून. उलट फिरली तर क्रम उलटतो. शिवाय प्रत्येक जोडीत उजेड-उजेड, उजेड-अंधार, अंधार-अंधार, अंधार-उजेड अशा चार अवस्था मिळतात. त्यामुळे २,००० चिरांच्या चकतीवर एका फेरीत ८,००० पायऱ्या मोजता येतात. पूर्ण वर्तुळाच्या २१,६०० कला (एक अंश म्हणजे ६० कला). त्यांना ८,००० ने भागले की एक पायरी २.७ कलांची येते. पूर्ण चंद्राच्या रुंदीत अशा अकरा पायऱ्या बसतात.

हे वर्गात करून दाखवता येते. पुठ्ठ्याच्या मोठ्या चकतीच्या कडेवर सारख्या रुंदीचे काळे-पांढरे पट्टे रंगवा. कडेलगत वर सांगितलेल्या अंतरावर दोन खुणा करा. प्रत्येक खुणेपाशी एक विद्यार्थी बसवा. समोरचा पट्टा बदलला की त्याने 'काळा' किंवा 'पांढरा' म्हणायचे. तिसऱ्याने डोळे मिटून, फक्त ऐकून, चकती कोणत्या बाजूला आणि किती फिरली ते सांगायचे. दोन-चार प्रयत्नांत मुलांना जमू लागते आणि एन्कोडर म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दोन तारे कशासाठी?

आता पेटीला दोन कोन मिळाले. पण ते कुठून मोजलेले? दुर्बीण गच्चीवर कशीही ठेवलेली असते. उत्तर कुठे, जमीन सपाट आहे की कललेली, यातले पेटीला काहीच ठाऊक नसते. म्हणून सुरुवातीला आपण तिला एक ओळखीचा तारा दाखवतो. दुर्बीण त्यावर रोखायची, तारा मध्यभागी आणायचा आणि त्याचे नाव सांगून बटण दाबायचे.

एक तारा पुरत नाही. एक चेंडू घ्या आणि त्याच्यावर एका जागी बोट टेकवा. त्या बोटाभोवती चेंडू अजूनही गोल फिरू शकतो. आता थोड्या अंतरावर दुसरे बोट टेकवा. चेंडू जागच्या जागी पक्का झाला. आकाशाच्या गोलाचेही तसेच आहे. दोन तारे सांगितले की सगळा खगोल दुर्बिणीच्या मापात पक्का बसतो, मग बैठक कितीही तिरपी असो.

हे गणित हौशी मंडळींच्या हातात आणण्याचे मोठे श्रेय जपानच्या तोशिमी ताकी यांना जाते. 'स्काय अँड टेलिस्कोप' या अमेरिकी मासिकाच्या फेब्रुवारी १९८९ च्या अंकात त्यांनी आपली रीत मांडली. बारावीच्या विद्यार्थ्यांना ती समजण्यासारखी आहे. कोणतीही दिशा तीन संख्यांच्या सदिशाने लिहिता येते. ताऱ्याची दिशा एकदा यादीतल्या विषुवांश-क्रांतीवरून लिहायची आणि एकदा दुर्बिणीच्या दोन कोनांवरून. दोन ताऱ्यांचे असे दोन सदिश मिळाले की त्यांच्या सदिश गुणाकाराने तिसरा तयार होतो. या तीन जोड्यांवरून तीन ओळी आणि तीन स्तंभांचे एक मॅट्रिक्स काढता येते. त्यातल्या नऊ संख्या म्हणजे एका पत्त्याचे दुसऱ्या पत्त्यात भाषांतर करणारा कोश. पुढे रात्रभर प्रत्येक वस्तूसाठी तोच वापरायचा.

पृथ्वीच्या फिरण्याचा हिशेबही यातच असतो. पहिला तारा दाखवल्यापासून किती वेळ गेला तेवढे पेटीतले घड्याळ मोजते आणि विषुवांशात तेवढी दुरुस्ती करते. गंमत अशी की ताऱ्यांपुरते पाहिले तर या रीतीला आपले गाव, तारीख किंवा खरी वेळ सांगावीच लागत नाही. मधे गेलेला वेळ पुरतो. ग्रहांची गोष्ट वेगळी. ते आपली जागा बदलतात, म्हणून त्यांच्यासाठी तारीख हवी.

पुढचे काम सोपे. पेटीला 'एम-८७' असे सांगितले की ती दोन आकडे दाखवते: नळी किती फिरवायची आणि किती वर-खाली करायची. दोन्ही आकडे शून्याकडे येईपर्यंत नळी हाताने ढकलत राहायचे. यात मोटार नाही, म्हणून बॅटरी फार लागत नाही आणि बिघडण्यासारखे भागही थोडे. आकडे शून्यावर आले, तरी वस्तू नेमकी मध्यभागी असेल असे नाही. लाकडी बैठक थोडी डुलते, दोन अक्ष एकमेकांना अगदी काटकोनात नसतात. पण आपले क्षेत्र एक अंशाचे आहे. चूक अर्ध्या अंशाच्या आत राहिली तरी वस्तू क्षेत्रात येते, आणि एवढेच हवे असते.

पेटी कधी फसते?

समजा उन्हाळी सुटीतल्या आकाशदर्शनात, मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास आपण मघा आणि स्वाती हे दोन तारे निवडले. मघा पश्चिमेकडे कललेली, स्वाती पूर्वेच्या आकाशात चढलेला. दोघांमधले अंतर ५९.७ अंश. पण घाईत स्वातीऐवजी चित्रेवर दुर्बीण रोखून 'स्वाती' असे बटण दाबले, तर? मघा आणि चित्रा यांच्यातले अंतर ५४.१ अंश आहे. दुर्बिणीने मोजलेले अंतर आणि यादीवरून निघणारे अंतर यांत साडेपाच अंशांची तफावत पडते. पेटी ती तफावत दाखवू शकते. मात्र तिचा अर्थ आपल्याला लावावा लागतो, आणि चित्रा कोणती व स्वाती कोणता हे ओळखण्याचे काम आपलेच असते. चुकीच्या ताऱ्याचे अंतर योगायोगाने जुळले तर पेटीला चूक कळणारही नाही. ती रात्रभर आत्मविश्वासाने चुकीच्या जागा दाखवत राहील.

ताऱ्यांची निवड करताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. अगदी डोक्यावरचा तारा टाळावा. ८५ अंश उंचीवर बैठक १० अंश फिरवली तरी नळी आकाशात जेमतेम ०.९ अंश सरकते, त्यामुळे तिथे दिगंश पक्का ठरत नाही. क्षितिजालगतचाही टाळावा. वातावरणातल्या वक्रीभवनामुळे क्षितिजावरचा तारा सुमारे अर्धा अंश वर उचललेला दिसतो. ४५ अंश उंचीवर हाच परिणाम एका कलेइतका उरतो.

एकदा जुळणी झाल्यावर कुणाचा पाय बैठकीला लागून ती सरकली, तर सगळे पुन्हा करावे लागते. मुलांच्या रांगेत हे होणारच, असे धरून चालावे.

कॅमेऱ्याची नवी रीत

गेल्या काही वर्षांत एक वेगळी रीत पुढे आली आहे. तिच्यात फिरणे मोजायचेच नाही. नळीवर बसवलेल्या कॅमेऱ्याने समोरच्या आकाशाचे छायाचित्र घ्यायचे आणि त्यातल्या ताऱ्यांच्या मांडणीवरून आपण कुठे पाहतो आहोत ते ओळखायचे. अंतराळयाने आपली दिशा ठरवायला अशीच युक्ती वापरतात.

संगणक मांडणी कशी ओळखतो? डस्टिन लँग आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीत चार तारे एकत्र घेतात. त्यांतले एकमेकांपासून सर्वांत दूर असलेले दोन तारे एका चौरसाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर आहेत असे मानायचे. उरलेल्या दोघांचे त्या चौरसातले सहनिर्देशक लिहिले की चार संख्या मिळतात. छायाचित्र लहान-मोठे केले किंवा फिरवले तरी या संख्या बदलत नाहीत. म्हणजे चार ताऱ्यांचा हा जणू अंगठ्याचा ठसा. आधीच तयार करून ठेवलेल्या ठशांच्या सूचीत तो शोधायचा आणि सापडला की इतर ताऱ्यांवरून खात्री करून घ्यायची.

सेलेस्ट्रॉन या कंपनीने २०२० मध्ये याच तत्त्वावर चालणारी दुर्बीण बाजारात आणली. तिच्यात आपला मोबाइलच एका खोबणीत ठेवतात आणि छोट्या आरशातून त्याचा कॅमेरा आकाश पाहतो. इथे दोन तारे ओळखून सांगण्याचीही गरज नाही. बैठकीला धक्का लागला तरी पुढच्या छायाचित्रात सगळे पुन्हा जुळते. मात्र कॅमेऱ्याला तारे दिसले पाहिजेत. ढग, झाड किंवा समोरचा रस्त्यावरचा दिवा आडवा आला की ही रीत थांबते. मोबाइलमधल्या चुंबकीय होकायंत्रावर विसंबून हेच काम होईल असे मात्र समजू नये. लोखंडाच्या सान्निध्यात ते काही अंशांनी चुकू शकते आणि आपले दृश्यक्षेत्र एकाच अंशाचे आहे.

पेटीशिवाय

शाळेला यातले काहीच परवडणारे नसेल तर एक स्वस्त उपाय आहे. बैठकीचा तळाचा फळा ५७.३ सेंटिमीटर व्यासाचा गोल कापला तर त्याचा परीघ १८० सेंटिमीटर येतो. आलेखाच्या कागदाची तेवढी लांब पट्टी त्याच्या कडेला चिकटवली की दर ५ मिलिमीटरला एक अंश वाचता येतो. पट्टीवर रोखलेला एक दर्शक काटा वरच्या फिरत्या पेटीला लावावा. उन्नतांशासाठी सुतारकामात वापरला जाणारा डिजिटल कोनमापक नळीवर ठेवावा. तो अंशाच्या दहाव्या भागापर्यंत वाचन देतो. तोही नसेल तर मोठा कोनमापक आणि ओळंबा चालेल.

आता स्टेलॅरियमसारख्या विनामूल्य संगणक कार्यक्रमातून आपल्या गावासाठी, त्या वेळचे दिगंश आणि उन्नतांश पाहून घ्यावेत. आधी एखाद्या ठळक ताऱ्यावर दुर्बीण रोखून काट्याचे वाचन त्याच्या दिगंशाशी जुळवावे, मग हव्या त्या वस्तूकडे वळावे. इथे बैठक पाणसळीने सपाट करून घेणे आवश्यक आहे. ती एक अंशाने कललेली असेल तर चूकही एक अंशापर्यंत जाईल. दोन तारे दाखवून पेटी नेमकी कोणती कटकट वाचवते, हे यातून मुलांना चांगले उमगते.

मग आकाश शिकायचे राहील का?

अशा साधनांना अनेक जुन्या निरीक्षकांचा विरोध असतो आणि त्यात तथ्य आहे. यंत्राने दाखवलेली वस्तू पाहणारा मुलगा ती आकाशात कुठे होती हे दुसऱ्या दिवशी सांगू शकत नाही. ज्याने स्वतः वाट काढली तो सांगू शकतो, कारण वाटेतल्या प्रत्येक ताऱ्याशी त्याची ओळख झालेली असते. मघा, चित्रा, स्वाती ही नावे आपल्या पंचांगात आणि बोलण्यात आहेत. ते तारे डोळ्यांनी ओळखता येणे ही शाळेत मिळावी अशीच गोष्ट आहे.

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. चाळीस मुलांचा वर्ग आणि दोन तासांचा कार्यक्रम असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला सगळे मिळून तीनच मिनिटे येतात. त्यातला अर्धा वेळ शिक्षकांच्या शोधण्यात गेला तर मुलाच्या डोळ्याला दीड मिनिट उरते. एम-१३ पहिल्या नजरेत नुसता धुरकट डाग दिसतो. डोळा स्थिरावल्यावर, नजर किंचित बाजूला ठेवून पाहिले की कडेचे तारे सुटे होऊ लागतात. त्याला वेळ लागतो, आणि घाईने पाहणाऱ्या मुलाच्या मनात 'एवढेच?' असा प्रश्न तेवढा उरतो.

म्हणून आम्ही असे सुचवू. पहिल्या दोन-तीन रात्री पेटी बंदच ठेवावी. मुलांनी नकाशा घेऊन दहा-बारा ठळक तारे ओळखावेत, शौरीच्या चौकोनासारख्या एक-दोन सोप्या वाटा स्वतः काढाव्यात. मग पेटी सुरू करावी, आणि जुळणीचे दोन तारे शिक्षकांनी न दाखवता मुलांनी निवडावेत. तफावत जास्त आली तर चूक कुठे झाली तेही त्यांनीच शोधावे. मोठ्या मुलांना मघा आणि स्वाती यांचे अंतर त्यांच्या विषुवांश-क्रांतीवरून त्रिकोणमितीने काढायला द्यावे. शोधण्यातून वाचलेला वेळ नेत्रिकेपाशी खर्च करावा. प्रत्येक मुलाने पाहिलेल्या वस्तूचे पेन्सिलीने चित्र काढावे आणि खाली तारीख, वेळ व जवळच्या ठळक ताऱ्याचे नाव लिहावे. ताऱ्याचे नाव लिहायचे म्हटले की मूल नेत्रिकेपासून डोळा काढून एकदा वर आकाशाकडे बघतेच.